ओव्हरडीकांच्या वहीतलं आपलं पान

कारेलीबाग, बडोदे
२० जुलै

अहल्याताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर हल्ली तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, आमच्या फ्लॅटच्या भिंती तुला माहीत नाहीत. म्हणजे तू त्या पाहिल्याच नाहीस. असो.

बातमी आधी. मालविकाचं ठरलं. मुलगा जर्मन, नाव योनास ओव्हरडीक, ती ल्युबेकला ज्या प्रयोगशाळेत आहे तिथलाच. तिची आई म्हणून नीलिमा दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी तिने यूट्यूबवर जर्मन भाषेचे धडे लावले. आता भाजीवाल्याला "गुटन मॉर्गन" म्हणते. डिसेंबरात इथेच, बडोद्याला, आपल्या पद्धतीने लग्न.

मुलगा साधा आहे. घराणं मात्र साधं नाही. ल्युबेकचे जुने सावकार-व्यापारी, नगरसभेत पिढ्यान्‌पिढ्या बसलेले. पहिला ओव्हरडीक मीठ आणि खारवलेले मासे विकायचा. मग मेण, मग कापड, मग नीळ. गंमत बघ, मी नंदेसरीला तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात निळे हात करून घेतले आणि व्याही मिळाले ते निळीचे व्यापारी. त्यांच्या चिन्हात तीन मासे आहेत. आपल्या मुलीच्या लग्नात तीन मासे, अण्णा असते तर काय म्हणाले असते!

त्यांच्याकडे घराण्याची वही आहे. चारशेच्या वर वर्षं जुनी. आपल्या कुलवृत्तांतासारखीच म्हण, पण आपण त्यात सुभेदार शोधून शोधून घालतो आणि हे लोक सगळंच लिहितात. एकाने जुगारात जहाज घालवलं, लिहिलंय. एक बायको कोचमनबरोबर पळाली, तिचं नाव, कोचमनचं नाव आणि पुढे झालेल्या पाच मुलांची नावं, सगळं आहे. लग्न करून जो घरात येतो त्याच्या घराण्याला एक पान मिळतं. ते पान घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने लग्नानंतर सर्वांसमोर वाचायचं अशी रीत आहे. सध्या ती मोठी बाई म्हणजे योनासची आत्याआजी, दोरोतेआ.

तर आपलं पान मला लिहायचंय. आणि मला पणजोबांच्या पलीकडचं काही आठवत नाही. अण्णा गोष्टी तुला सांगायचे, मी तेव्हा गच्चीवर पतंग उडवत असायचो. फणसळकर कोकणातून बडोद्याला कसे आले, कोणाच्या ओळखीने, पणजोबा संस्थानात नेमके काय होते, सगळं लिहून पाठव. सविस्तर. तुझ्याशिवाय हे कोणालाच ठाऊक नाही.

तुझा,
श्रीकृष्ण

ता.क. उत्तर घरच्याच पत्त्यावर पाठव. खालच्या पेटीतून टपाल मीच काढतो.


कारेलीबाग
७ सप्टेंबर

अहल्याताई,

अकरा पानं! तू मास्तरीण आहेस हे विसरलोच होतो. वाचताना हसलो आणि दोनदा डोळे पुसले. पणजोबा बडोद्याला उतरले तेव्हा पहिलं वर्ष खाणावळीत वाढपी होते हे मला ठाऊकच नव्हतं. मग मोजणी खात्यात साखळी धरायला लागले आणि तिथून कारकून झाले.

रागावू नकोस, मी वाढपी गाळलाय. आणि कारकुनाचा "मोजणी अधिकारी" केलाय. जर्मन भाषेत काहीतरी तसंच होतं म्हणे. त्यांनी जहाज घालवलेला माणूस लिहिला तरी त्याच्याकडे घालवायला जहाज होतं ना. आपण वाढपी लिहिला तर उरतं काय?

त्यांनी एक कोष्टकही पाठवलंय. आजोबा, वडील, भावंडं. शेवटी एक रकाना आहे, वधूची धर्ममाता कोण. म्हणजे नामकरणाच्या वेळी जिने मुलीला हातात घेतलं ती. त्यांच्यात तिला फार मान. मी मालविकाला म्हटलं, आपल्यात असं काही नसतं. ती म्हणाली, "असं कसं बाबा? आत्या नाव ठेवते ने!"

तर त्या रकान्याचं काय करायचं ते बघू.

लग्न चौदा डिसेंबरला. थंडीचे दिवस. वाघोड्याहून एवढं यायचं, तुझे गुडघे, परत जायची सोय. तुला दगदग होईल असं मला वाटतं. तू विचार कर. मी आग्रह करणार नाही.

श्रीकृष्ण


कारेलीबाग
८ नोव्हेंबर

ताई,

भाऊबीजेला कमाटीबागेत तू ओवाळलंस तेव्हा मी सारखा मागे वळून बघत होतो, ते तू पाहिलंस. "कोणी ओळखीचं आलं का रे?" असं हसत विचारलंस. दरवर्षी त्याच बाकावर तू निरांजन घेऊन येतेस, मी पाकीट देतो, आपण शेंगदाणे खातो आणि दोन रस्त्यांनी घरी जातो. आजवर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटायचं, अण्णांनी तुझ्या नावाने आंघोळ केली, कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत तुझं नाव घातलं नाही, पण मी भाऊ म्हणून टिकून राहिलो. बाकावर का होईना.

यंदा उठताना तू विचारलंस, "लग्नाला येऊ ना?" आणि मी म्हणालो, "पत्रिका पाठवतो." बहिणीला पत्रिका पाठवतो म्हणणारा भाऊ मी. सोबत पत्रिका आहे. पाकिटावर तुझं एकटीचं नाव आहे. जयंतीभाईंना गर्दीचा त्रास होतो असं तू मागे म्हणाली होतीस. म्हणाली होतीस ना?

आता जे लिहितोय ते नीट वाच. लग्नाला आलीस की नीलिमाच्या ऑफिसच्या बायका उजव्या बाजूला बसतील, त्यांच्यात बस. पुण्याहून रमाकांतकाका येणार आहेत, अण्णांचे धाकटे भाऊ, नव्वदीचे. त्या दिवशी आंघोळ करणाऱ्यांत तेही होते. लग्नात तमाशा नको. वाघोड्यात मोटारी दुरुस्त करणाऱ्या परमारांच्या घरात फणसळकरांची मुलगी, हे त्यांना अजून गिळता येत नाही.

आणि तो रकाना. मी वसुंधराचं नाव लिहिलंय. चुलत का होईना, बहीणच आहे. भावंडांच्या रकान्यात काही लिहिलं नाही, तुझं लिहिलं तर धर्ममाता वसुंधरा का, हा प्रश्न आला असता. बारशाला पाळण्याशी तू वाकली होतीस, तिच्या कानात नाव तू सांगितलंस, बायकांनी तुझ्या पाठीत धपाटे घातले, हे मला आठवतं. तुझं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी. पण ते पान सगळ्यांसमोर वाचलं जाणार आहे ताई. तू समजून घेशील. तू नेहमीच घेतेस.

श्रीकृष्ण


कारेलीबाग
१६ डिसेंबर

ताई,

कसं सुरू करू तेच कळत नाही. काल सकाळपासून चार कागद फाडले.

तू आलीस. मोरपंखी साडी, आईच्या मोत्याच्या कुड्या. सांगितलं होतं तशी उजव्या बाजूला बसलीस. अक्षता टाकल्यास. जेवणाच्या वेळी दोरोतेआबाई सगळ्यांना भेटत फिरत होत्या, मी बरोबर होतो. त्या तुझ्यापाशी थांबल्या. तुझा हात हातात घेतला आणि इंग्रजीत विचारलं, तुम्ही मुलीच्या कोण?

तू माझ्याकडे बघितलंस. तुला बोलायला मी अवधीच दिला नाही. म्हणालो, "फॅमिली फ्रेंड. वाघोड्याला शिक्षिका होत्या."

एक क्षण मला आशा वाटली की तुला ऐकू आलं नसेल. ताई, माझ्या बहिणीच्या बहिरेपणावर मी आशा ठेवली. आणि तू हसून म्हणालीस, "येस, येस. ओल्ड फॅमिली फ्रेंड." मला सांभाळून घेतलंस. नंतर तुझ्या ताटातली जिलबी तशीच राहिली होती, ती मी पाहिली. बस मिळाली का, कशी गेलीस, मला माहीत नाही. मी गेटपर्यंतही आलो नाही. मला लाज वाटते. हा शब्द मी आजवर पुष्कळ वेळा वापरला असेल, त्याचा अर्थ परवा कळला.

पुढचं ऐक, कारण ते याहून वाईट आहे.

काल आमच्या हॉलमध्ये ते पान वाचायचं होतं. वीसेक माणसं. रमाकांतकाका आरामखुर्चीत, वसुंधरा नवी पैठणी नेसून. मूळ वही ल्युबेकला असते, दोरोतेआबाईंनी छापील प्रत आणली होती. त्या जर्मनमध्ये वाचत होत्या, मालविका मराठीत सांगत होती. मासे, मीठ, जहाज, कोचमन, सगळे हसत होते. मग एका पानावर त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडचे बाकीचेही उठले, म्हणून आपलेही उठले.

त्या पानावर काहीच नव्हतं. मूळ वहीतलं पान चाकूने कापलेलं आहे, त्याचा उरलेला काठ तेवढा त्यांनी छापलाय. हिटलरच्या काळात त्यांच्या घरात हॅना नावाची सून होती, ज्यू. दोरोतेआबाईंच्या सख्ख्या आजोबांनी तिचं पान कापलं, नवऱ्याकडून घटस्फोट लिहून घेतला. पेढी वाचली. हॅनाला पुढे गाडीत घालून नेलं, ती परत आली नाही. लढाईनंतर दोरोतेआबाईंच्या आईने त्या काठाशेजारी लिहिलं ते असं: "हॅना. हिला आम्ही कापलं. तोवर कोणी आम्हाला कापायला सांगितलं नव्हतं." प्रत्येक लग्नात हे उभं राहून वाचायचं. घराण्याची लाज पाहुण्यांसमोर, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी!

त्या गोष्टीशी मी माझी बरोबरी करत नाही. तिथे एक बाई जिवानिशी गेली. पण भावंडांचा मी कोरा ठेवलेला रकाना माझ्या डोळ्यांसमोर आला.

सगळे खाली बसले आणि त्यांनी आपलं पान काढलं. फणसळकर, मोजणी अधिकारी. श्रीकृष्ण, एकुलता एक. वधूला नाव देणारी आत्या, वसुंधरा. टाळ्या झाल्या. दोरोतेआबाईंनी वसुंधराला तीन माशांचा चांदीचा चमचा दिला, धर्ममातेचा मान म्हणून. वसुंधरा माझ्याकडे बघत होती. मालविका तर सांगता सांगता थांबलीच होती. मी उठून बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी उठलो ते सगळ्यांना पेढे वाटायला.

सगळे गेल्यावर मालविका म्हणाली, "बाबा, तुम्ही लिहिलंत ते मी सगळ्यांना सांगितलं. आत्या लग्नाला आली होती ने? मला तिच्या पाया पण पडू नाही दिलंत."

तुला माफ कर म्हणायचीसुद्धा मला भीती वाटते, कारण तू करशील.

श्रीकृष्ण


कारेलीबाग
२८ डिसेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. साहजिक आहे. तरी हे कळवतो, तुला बरं वाटेल.

मी सांगितलं. मालविका निघायच्या आदल्या दिवशी तिला आणि योनासला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मग दोरोतेआबाईंना पत्र लिहिलं, मालविकाने भाषांतर करून ईमेलने पाठवलं. वाटलं होतं, नवं पान छापून आणतील, तुझं नाव येईल आणि प्रकरण मिटेल. त्यांचं उत्तर आलं, वहीतलं काही पुसायचं नाही असा त्यांचा नियम आहे. वसुंधराचं नाव तसंच राहील. त्याच्याखाली खरं काय ते मी माझ्या हाताने, माझ्या भाषेत लिहून सही करायची.

मी लिहिलंय. "मालविकाचं नाव माझी थोरली बहीण अहल्या हिने ठेवलं. तिने जातीबाहेर लग्न केलं म्हणून मी तिला लपवलं. लग्नात ती समोर असताना ओळख दिली नाही. श्रीकृष्ण फणसळकर." वाढपी पणजोबाही घातले, आता काय लपवायचं! कागद काल कुरिअरने गेला.

आता पुढची चारशे वर्षं प्रत्येक लग्नात हे वाचलं जाईल. लिहून झाल्यावर किती हलकं वाटलं म्हणून सांगू. पहिल्यांदा नीट झोपलो. तू वाचून काय वाटलं ते कळव.

श्रीकृष्ण


कारेलीबाग
९ जानेवारी

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. उघडं कार्ड. पेटीतून या वेळी नीलिमाने आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"श्रीकृष्ण, ल्युबेकात मला कोण ओळखतं? तिथे सांगायला तुझं काय गेलं? कारेलीबागेत सांगितलंस का?"

हलकं हलकं म्हणून मिरवत होतो ते सगळं उतरलं.

म्हणून काल संक्रांतीचा तिळगूळ करायला वसुंधरा आली, शेजारचे दोघे-तिघे होते, रमाकांतकाका अजून इथेच आहेत, तेव्हा मी उभा राहिलो. लग्नात मोरपंखी साडी नेसलेल्या बाई माझ्या बहीण होत्या म्हणालो. सख्ख्या. वाघोड्याच्या जयंतीभाई परमारांच्या पत्नी. वाटलं आता काका काठी आपटतील.

कोणी दचकलंच नाही, ताई.

शेजारचे पंड्याभाई म्हणाले, "अरे, अहल्याबेन ने? आमची मोटर जयंतीभाईच बनवतात ने." नीलिमा म्हणाली, "मला काय तिचं अक्षर ओळखता येत नाही? तुमच्या घरातलं म्हणून गप्प राहिले. वाटलं, सांगतील कधीतरी." वसुंधराने तर चमचा तुला नेऊन दिलाय म्हणे, लग्नानंतर आठवड्यानेच! ती दर उन्हाळ्यात तुझ्याकडे पापड लाटायला येते हेही कालच कळलं. "सगळ्यांना माहीत होतं रे. आता कोण बघतं हे?" म्हणाली.

उरले काका. त्यांनी तिळगुळाचा आणखी एक लाडू उचलला. मग म्हणाले, "अण्णा जाताना मला म्हणाला होता, पोरीला बोलावून घ्या. मला वाटलं तुलाही म्हणाला असेल."

मला नव्हते म्हणाले. पण मी विचारलं तरी कधी? अण्णांना जाऊन वीस वर्षं होऊन गेली. त्यानंतर तुला घराबाहेर कोणी ठेवलं, तर मी. एकट्याने. कोणी सांगितलेलं नसताना. लोक काय म्हणतील म्हणून ज्यांना मी भीत होतो ते लोक तुझ्याकडे पापड लाटत होते.

उत्तरायणाला गच्चीवर सगळे जमणार आहेत. तू आणि जयंतीभाई, दोघं या. पत्रिका नाही, निरोप नाही, मी स्वतः न्यायला येतो. चौदा तारखेला सकाळी.

श्रीकृष्ण


वाघोडिया
१४ जानेवारी

ताई,

हा कागद तुमच्या दारात सरकवतोय. शेजारणीकडून पेन मागून घेतलं.

घर शोधायला वेळ लागला. पाकिटावर इतक्या वेळा पत्ता लिहिला, पण डावीकडे वळायचं की उजवीकडे हे मला माहीत नव्हतं. गल्लीत पोरं पतंगांमागे धावत होती, त्यांनाच विचारत आलो. घर छान आहे. ओटा स्वच्छ, तुळस आहे, जयंतीभाईंच्या नावाची पाटी आहे आणि तिच्यावर तुझंही नाव आहे.

कुलूप आहे. माझं पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं म्हणूनच कुलूप असेल. कसंही असलं तरी तुझं बरोबर आहे.

शेजारच्या बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, दोघं सकाळीच कुठेतरी गेले, कधी येतील ते सांगितलं नाही. मग विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, अहल्याचा भाऊ. पहिल्यांदाच कोणाला तरी न अडखळता सांगितलं.

त्या म्हणाल्या, "अहल्याबेनने भाई छे? एमणे तो कोई दहाडो कीधुं नथी."

तू कधीच सांगितलं नाहीस, ताई. भाऊ आहे हेसुद्धा नाही. त्यांनी मला पाणी दिलं आणि आत बसा म्हणाल्या. मी नको म्हटलं. तुझ्या ओट्यावर बसलोय.

श्रीकृष्ण